अवधान कुठे खर्च होते?

माझ्या दवाखान्यात "माझे लक्ष लागत नाही" अशी स्वतःबद्दलची तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. लोक येतात ते नातवाला घेऊन. नातू खुर्चीच्या कडेवर बसलेला असतो आणि आजोबा सांगत असतात, "डॉक्टर, ह्याचं कशातच ध्यान नाही बघा, सारखा मोबाईल." हे सांगता सांगताच आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजतो. ते तो काढतात, हात लांब करून बघतात, परत ठेवतात आणि मलाच विचारतात, "मी काय सांगत होतो?" मी हसत नाही. ह्या बाबतीत हसण्याचा माझा हक्क काही वर्षांपूर्वीच गेला. तो प्रसंग आधी सांगतो, कारण ह्या विषयाकडे मी वळलो तो त्यामुळेच.

एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे बरीच वर्षे पित्तासाठी येत. एका संध्याकाळी ते समोर बसून सांगत होते. बाहेर बाकावर दहा-बारा माणसे होती. टेबलावर पालथा ठेवलेला माझा फोन थरथरला. मुलगा रात्रीच्या गाडीने निघणार होता, त्याचा निरोप असेल म्हणून मी फोन उचलून पाहिला. निरोप मुलाचा नव्हता. कोणीतरी सकाळचे 'सुप्रभात' संध्याकाळी पाठवले होते. फार तर पाच-सहा सेकंद गेले असतील. मी वर पाहिले तेव्हा सर "...जरा बसलं की बरं वाटतं" इथपर्यंत आले होते. मी मान हलवली, केसपेपरवर 'जेवणानंतर त्रास, बसल्यावर आराम' असे लिहिले आणि पुड्या बांधून दिल्या.

चौथ्या दिवशी सरांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर अँजिओप्लास्टी झाली, ते वाचले. पुढे त्यांची मुलगी भेटली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती म्हणाली, "काका, जिना चढताना छाती आवळते, बसलं की थांबते, हे बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं ना? आम्ही म्हणत होतो मोठ्या डॉक्टरांना दाखवूया, तर ते म्हणाले, आमच्या डॉक्टरांना सांगितलंय, काळजीचं असतं तर ते बोलले असते."

जिना चढताना छाती आवळणे आणि थांबल्यावर ते जाणे ह्याचा अर्थ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतो. तिथे माझ्या गोळ्यांचे काही काम नव्हते, त्याच क्षणी ईसीजीला पाठवायला हवे होते. मी पाठवले नाही, कारण मी ते वाक्य ऐकलेच नव्हते. आणि वाईट गोष्ट अशी, की आपण काही ऐकले नाही हेही मला कळले नव्हते. मधला तुकडा मेंदूने स्वतःच भरून काढला होता.

वाचकहो, हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. १९५३ साली कॉलिन चेरी ह्या संशोधकाने एक साधा प्रयोग केला. माणसाच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडायची आणि एका कानातले बोलणे मोठ्याने म्हणत राहायला सांगायचे. माणसे ते काम बिनचूक करीत. पण दुसऱ्या कानात काय चालले होते असे विचारले, तर पुरुषाचा आवाज होता की बाईचा, इतके सांगता येई, शब्द मात्र सांगता येत नसत. मध्येच इंग्रजी सोडून जर्मन सुरू झाले तरी ते ध्यानात येत नसे. एका खोलीत मराठी आणि दुसऱ्या खोलीत कानडी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे नवल वाटेल, पण कानावर पडणे आणि ऐकणे ह्यांत इतके अंतर आहे. डोळ्यांचेही तेच. १९९९ सालचा एक प्रयोग पुष्कळांनी ऐकला असेल. चेंडू किती वेळा फेकला जातो ते मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना, गोरिलाचा पोशाख घालून पडद्याच्या मधोमध येऊन छाती बडवून गेलेला माणूस दिसलाच नाही.

म्हणजे लक्ष ही एक अरुंद वाट आहे. मनाच्या हातात एका वेळी किती गोष्टी मावतात ह्याचा अंदाज १९५६ मध्ये जॉर्ज मिलर ह्यांनी साधारण सात असा सांगितला होता. नंतरच्या संशोधनाने तो चारच्या आसपास आणला. चार! त्यात एक समोरच्याचे बोलणे, एक बाहेरच्या रांगेची चिंता, एक मुलाची गाडी. उरले किती?

यावर आमच्या वयाच्या बायका हमखास म्हणतात, "आमच्या आज्या जात्यावर दळत दळत ओव्या म्हणायच्या, त्यांना कसं जमायचं?" प्रश्न चांगला आहे. दळण हाताला इतके सवयीचे झालेले असे, की त्याला लक्ष लागतच नसे. सगळे लक्ष ओवीला मिळे. तेच शेजारणीने पलीकडून घरचा हिशेब विचारला की ओवी थांबे, जाते फिरतच राही. एक काम हाताचे आणि एक शब्दांचे असेल, तर दोन्ही चालतात. दोन्ही शब्दांची कामे एकदम चालत नाहीत. रुग्णाचे बोलणे आणि फोनवरचा मजकूर, दोन्ही शब्दच. आपण दोन्ही करतो असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात आपण एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत असतो आणि प्रत्येक उडीत काहीतरी सांडते. सोफी लेरॉय ह्या बाईंनी २००९ मध्ये दाखवले, की अर्धे सोडलेले काम मनातून लगेच जात नाही. पुढच्या कामाला बसल्यावरही आधीच्याचे अवशेष तिथे रेंगाळतात. म्हणून फोन पाहायला पाच सेकंद लागले, हा हिशेब खोटा आहे. फोन ठेवल्यावरही मी काही काळ त्या 'सुप्रभात'वरच होतो, पाठवणाऱ्यावर वैतागत.

मग आपण फोन पाहतोच कशाला, जर दहातले नऊ निरोप फालतू असतात? उत्तर विचित्र आहे: ते फालतू असतात म्हणूनच. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या स्किनर ह्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे, की कळ दाबल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल तर दाणे बंद झाल्यावर प्राणी लवकर थांबतो. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असे असेल तर तो कळ दाबतच राहतो. जुगाराचे यंत्र ह्याच तत्त्वावर चालते. दहावा निरोप मुलाचा असू शकतो, म्हणून आपण आधीचे नऊ उघडतो. हर्बर्ट सायमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच, खिशातला फोन कल्पनेतही नसताना, सांगून ठेवले होते की माहिती वाढते तेव्हा ती माणसाचे लक्ष खाते, आणि मग लक्ष हीच दुर्मिळ वस्तू होते.

आमच्या शास्त्राचे जनक डॉ. हॅनिमन ह्यांनी 'ऑर्गेनॉन'च्या ८३व्या कलमात रुग्णाची हकीकत घेणाऱ्याकडे काय हवे ते सांगितले आहे: पूर्वग्रह नसलेले मन, शाबूत इंद्रिये, निरीक्षणात अवधान आणि चित्र जसेच्या तसे उतरवण्याची निष्ठा. पुढच्याच कलमात रुग्णाला मध्ये न तोडता बोलू द्यावे असे आहे. बी.एच.एम.एस.च्या परीक्षेत ही कलमे मी धडाधड लिहिली होती. इतर शाखांची परिस्थिती काही वेगळी नाही. १९८४ साली अमेरिकेत दोघा संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तर डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत मध्ये तोडत होते. तेव्हा खिशात फोन नव्हते. त्यामुळे सगळा दोष यंत्रावर टाकायला मी तयार नाही. घाई आमची स्वतःची होती, यंत्राने तिला दार उघडून दिले.

मी जन्माने जैन. लहानपणी आजी सामायिकाला बसे, समोर वाळूची घडी. ती पूर्ण होईपर्यंत दाराशी कोणी आले तरी ती उठत नसे. सामायिकाचा काळ दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. मोठेपणी 'तत्त्वार्थसूत्र' वाचताना ध्यानाची व्याख्या आली, आणि त्यातली काळाची मर्यादा पाहून मी थबकलो. चित्त एका विषयावर रोखणे उत्तम शरीरबळाच्या माणसालाही अंतर्मुहूर्तापर्यंतच, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतच शक्य आहे, असे उमास्वामी सांगतात. नॉर्मन मॅकवर्थ ह्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग रडारवर नजर ठेवणाऱ्या सैनिकांच्या कामातून निघाले होते. दोन तासांच्या पहाऱ्यात पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसे खुणा चुकवू लागतात, असे त्यात दिसले. ह्यावरून 'आमच्या ग्रंथांत सगळे विज्ञान होते' असे मी म्हणणार नाही, तो खेळ मला आवडत नाही. ध्यान आणि पहारा ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. पण लक्षाला मर्यादा आहे हे जुन्या माणसांना अनुभवाने ठाऊक होते आणि त्यांनी त्या मर्यादेच्या आत बसेल असे माप ठरवले, एवढे निश्चित. आपण मुलाला तीन तास अभ्यासाला बसवतो.

त्याच ग्रंथात हिंसेची व्याख्या करताना 'प्रमत्त' हा शब्द येतो. प्रमादाने, बेसावधपणे प्राण घेणे ती हिंसा. मुनी चालताना चार हात पुढची जमीन पाहत चालतात, ते ह्यासाठीच. सरांच्या प्रसंगानंतर त्या शब्दाचा अर्थ मला प्रवचनात कधी कळला नव्हता इतका कळला.

मराठीला तर अवधान हा शब्द नवा नाही. 'ज्ञानेश्वरी'चा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. दुसऱ्या टोकाला शतावधानी. गांधीजींचे स्नेही श्रीमद् राजचंद्र ह्यांनी १८८७ मध्ये मुंबईत शतावधानाचे जाहीर प्रयोग केले, विशी गाठायच्या सुमारास. पुढे त्यांनी ते सोडून दिले आणि साधनेकडे वळले. शंभर गोष्टींवर लक्ष ठेवता येणाऱ्या माणसाने ते सोडले, ह्याचा मी अनेकदा विचार करतो.

आता नातवाकडे. आपल्याकडच्या घरांत एक खास गोष्ट घडते, ती सीमेवरच्या आणि बडोदे-इंदूर-हैदराबादच्या मराठी घरांनाही ओळखीची वाटेल. मूल इंग्रजी शाळेत जाते. आजी त्याच्यापुढे मराठी गोष्टीचे पुस्तक ठेवते, ते दोन ओळींत चुळबुळ करू लागते, आणि घरात निदान होते: लक्ष नाही. मी अशा मुलाला मोठ्याने वाचायला लावतो. ते अक्षर अक्षर लावत असते. मनाच्या त्या चार जागा जोडाक्षरे लावण्यातच भरून जातात, गोष्टीला जागाच उरत नाही. हा लक्षाचा दोष नाही, सरावाचा आहे. रोज दहा मिनिटे कोणी मांडीला मांडी लावून वाचले, त्याने एक ओळ आणि आपण एक, तर काही महिन्यांत फरक दिसतो. ज्या मुलाची चंचलता घरी, शाळेत, खेळात सगळीकडेच आहे, त्याला मात्र बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, वेळ घालवू नका. आणि लक्ष वाढवणारी गोळी आहे का, असे मला विचारू नका. माझ्या कपाटात ती नाही.

माझ्या दवाखान्यात बदल केले ते साधे आहेत. फोन आत येत नाही, तो बाहेर कंपाउंडरच्या टेबलाच्या खणात असतो. घरच्यांना दवाखान्याचा जुना, तारेचा नंबर दिला आहे. खरी निकड असेल तर तो वाजतो, आणि तो वर्षातून फार थोड्या वेळा वाजला आहे. रुग्ण बोलायचा थांबेपर्यंत मी प्रश्न विचारत नाही. बहुतेक जण दोन-तीन मिनिटांत आपण होऊन थांबतात, रांग त्यामुळे लांबलेली नाही. शेवटी जे लिहिले ते त्यांना वाचून दाखवतो. ह्या वाचण्यात चुका सापडतात, अजूनही. परवाच एका मावशींनी मला थांबवून सांगितले, "डावा नव्हे हो, उजवा गुडघा."

सर अजून येतात, पित्तासाठीच. त्यांनी त्या दिवसाचा विषय एकदाही काढलेला नाही. मीच एकदा काढला, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही खाली बघत होतात हे मला दिसलं होतं. परत सांगायला हवं होतं मी. पण बाहेर माणसं होती." त्यांचा तो जुना केसपेपर मी फायलीत घातलेला नाही. तो टेबलाच्या काचेखाली आहे.