एका दफनभूमीत दोन देश

लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस. तिथल्या रासोस दफनभूमीच्या फाटकालगत काळ्या ग्रॅनाइटची एक भलीथोरली शिळा आहे. तिच्यावर कुणाचंही नाव नाही. इथे आई आहे आणि मुलाचं हृदय आहे, असं पोलिशमध्ये कोरलंय. हा मुलगा म्हणजे युझेफ पिल्सुड्स्की, आधुनिक पोलंडचा शिल्पकार. १९३५ साली तो वारला. देह क्राकूवला, वावेलच्या कॅथीड्रलमध्ये राजेरजवाड्यांच्या सोबतीला गेला. हृदय मात्र वर्षभराने आईच्या अस्थींबरोबर इथे पुरलं.

आता फाटकातून आत चला. इथे योनास बासानाव्हिचुस विसावला आहे, १९१८च्या स्वातंत्र्य-घोषणेवर सही करणारा लिथुआनियाचा पितामह. तो १९२७ मध्ये गेला, तेही नेमका त्या घोषणेच्या वर्धापनदिनी, १६ फेब्रुवारीला. आणि तेव्हा व्हिल्नियस होतं पोलंडच्या ताब्यात! म्हणजे एकाला परक्या अमलाखाली माती मिळाली, दुसऱ्याचं हृदय पुढे परक्या देशात गेलं. दोघेही जागचे हलले नाहीत, सरहद्द तेवढी सरकली.

खरं तर ही भाऊबंदकी. १५६९ पासून सव्वादोनशे वर्षं दोन्ही देशांचं राज्य एकच होतं. पोलंडच्या आठवणीत तो सुवर्णकाळ. लिथुआनियाच्या आठवणीत मात्र आपले सरदार-जमीनदार पोलिश बोलू लागले आणि आपल्याला दुरावले, तो काळ. खुद्द पिल्सुड्स्की जन्मला आजच्या लिथुआनियात आणि स्वतःला लिथुआनियाचाही मानायचा. त्याला जुनं एकत्र राज्य नव्या रूपात हवं होतं. लिथुआनियाला नेमकं तेच नको होतं.

ऑक्टोबर १९२० मध्ये पोलिश जनरल झेलिगोव्स्कीने ‘बंड’ करून व्हिल्नियस घेतलं. बंड कसलं, पिल्सुड्स्कीनेच लावून दिलेलं नाटक. पुढे त्याने ते कबूलही केलं. शहरात बहुसंख्य पोलिश आणि ज्यू, लिथुआनियन अगदी मूठभर. पण आपला मध्ययुगीन राजा गेदिमिनास याच्या काळापासूनची आपली राजधानी ती, हा लिथुआनियाचा दावा. त्यांनी संविधानात व्हिल्नियसच राजधानी ठेवली आणि कारभार काउनसहून चालवला. १९३८ पर्यंत दोन्ही देशांत राजनैतिक संबंधच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात व्हिल्नियस पोलंडच्या हातून गेलं, लिथुआनियात आलं. मग हे भांडण मिटलं कसं? पोलंडमधून परागंदा झालेल्या येझी गेद्रोइचने पॅरिसजवळून ‘कुल्तुरा’ मासिक चालवलं आणि आपल्याच लोकांना वर्षानुवर्षं ऐकवलं, व्हिल्नियसवर पाणी सोडा. पोलिश वाचकांना ते झोंबलं असणारच. सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर पोलंडने तीच वाट धरली, आणि १९९४ च्या मैत्री करारात व्हिल्नियस ही लिथुआनियाची राजधानी असल्याचं लिहून दिलं.

त्यानंतर उरलेल्या भांडणांतलं एक होतं अक्षराचं. लिथुआनियन वर्णमालेत ‘डब्ल्यू’ नाही, त्यामुळे तिथल्या पोलिश नागरिकांची आडनावं पासपोर्टवर ‘व्ही’ने छापली जायची. २०२२ मध्ये कायदा झाला आणि ‘डब्ल्यू’ला मुभा मिळाली. पोलिश अक्षरांवरच्या रेघा-टिंबांना मात्र त्या कायद्यात जागा नाही.