आयपॅकचा बिनतारी म्युझिक प्लेअर

कॉम्पॅकने २००० साली आणलेला आयपॅक एच ३६३० हा तळहातावर मावणारा संगणक भेटीच्या वेळा आणि पत्ते टिपण्यासाठी होता. पण त्यात २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ मेगाबाइट रॅम, १६ मेगाबाइट फ्लॅश आणि हेडफोनचे भोक होते. हौशी मंडळींना एवढे पुरेसे होते. अशा दोन आयपॅकमधून घरगुती बिनतारी प्लेअर उभा राहतो: एक अँप्लिफायरला जोडलेला, दुसरा रिमोट म्हणून हातात.

गाणी आयपॅकमध्ये ठेवता येत नाहीत. १२८ किलोबिटची एमपीथ्री फाइल मिनिटाला जवळपास एक मेगाबाइट खाते आणि फ्लॅशमधली बहुतेक जागा ऑपरेटिंग सिस्टिमच घेते. म्हणून संग्रह घरातल्या मोठ्या संगणकावर राहतो आणि आयपॅक तो नेटवर्कवरून वाचतो. त्यासाठी पाठीवर जाकीट चढवून त्यात ८०२.११बी जातीचे वायरलेस कार्ड घालतात. या कार्डाचा कागदावरचा वेग सेकंदाला ११ मेगाबिट. प्रत्यक्षात निम्माच मिळतो, तरी गाण्याला तो कितीतरी जास्त आहे.

मूळची विंडोज काढून फॅमिलिअर लिनक्स बसवणे हे सर्वांत जोखमीचे काम. आधी बूटलोडर बदलायचा, मग सिरियल केबलने उरलेली सिस्टिम चढवायची. बूटलोडर लिहिला जात असताना वीज गेली तर यंत्राचा दगड होतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावूनच हे करावे.

खरी मेख गाणे उलगडण्यात आहे. स्ट्राँगआर्ममध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा वेगळा भाग नाही. डेस्कटॉपवरचे नेहमीचे डिकोडर मात्र सगळे हिशोब तशाच अपूर्णांकांत करतात. आयपॅकला ते एकेक करून सॉफ्टवेअरमधून सोडवावे लागतात, प्रोसेसर दमतो आणि गाणे अडखळते. लिबमॅड या डिकोडरने हा प्रश्न मुळातूनच सोडवला. तो सारी आकडेमोड पूर्णांकांतच करतो, दशांशचिन्हाची जागा ठरलेली धरून; रुपयांऐवजी पैशांत हिशोब मांडावा तसा. त्यामुळे प्रोसेसरला नेटवर्क सांभाळायलाही उसंत मिळते.

वाजवण्याचे काम एमपीडी या प्रोग्रॅमकडे द्यावे. तो पडद्यामागे राहून ६६०० क्रमांकाच्या पोर्टवर साध्या मजकुरातल्या आज्ञा ऐकतो. रिमोट झालेला आयपॅक ‘प्ले’, ‘नेक्स्ट’ अशा आज्ञा पाठवतो, गाण्यांची यादी पडद्यावर दाखवतो, बस्स. तो बंद पडला तरी गाणे चालूच राहते. दोन यंत्रांची मांडणी पसंत करायला हे एकच कारण पुरे.

मायक्रोवेव्ह ओव्हन याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या बाजूला सिग्नल तुटतो. ५१२ किलोबाइटचा बफर १२८ किलोबिटच्या गाण्याला बत्तीस सेकंद पुरतो आणि असे खंड सहज पचवतो.

वाजणाऱ्या यंत्राची आपोआप झोपण्याची सोय बंद करावी, नाहीतर कार्ड मधेच बंद पडते. पडद्याचा दिवाही विझवावा. चार्जर कायम जोडलेला असेल तर स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ शकतो; ध्वनीच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की तो बहुधा जातो. जुन्या आयपॅकची बॅटरी मात्र आधी तपासावी: फुगलेली असेल तर तिला चार्जर लावू नये.