काळाचा प्रवास आणि नाटकाचा खर्च

गतकाळात जाण्यासाठी अवाढव्य यंत्र लागते, ही समजूत विज्ञानपटांनी रूढ केली. रंगभूमीला त्यासाठी एक दिवाणखाना पुरतो. जॉन बॉल्डरस्टन यांच्या 'बर्कले स्क्वेअर' (१९२६) या नाटकाचा नायक वारशाने मिळालेल्या लंडनमधील घरातूनच १७८४ सालात जातो. घर तेच राहते. माणसे व रीतिभाती बदलतात. ज्या काळाची त्याला ओढ होती, त्यातील अस्वच्छता आणि क्रौर्य पाहून त्याला उबग येतो. १९५९ मध्ये हे नाटक अमेरिकन दूरचित्रवाणीवर आले. एक खोली आणि नटाचा चेहरा एवढ्याच भांडवलावर उभे राहणारे नाटक छोट्या पडद्याच्या प्रकृतीला मानवणारेच आहे.

मराठी रंगभूमीलाही हा विषय परका नाही. मनस्विनी लता रवींद्र लिखित आणि निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित 'अमर फोटो स्टुडिओ' (२०१६) या नाटकात आजची तरुण मंडळी छायाचित्राच्या निमित्ताने गतकाळात जाऊन पोहोचतात.

प्रश्न असा की, अशी नाटके जिल्ह्याच्या गावातील विद्यार्थ्याने पाहावीत कशी? विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या आर्थिक पेचाची मीमांसा केली. तिचे सार सोलापूरकराला सहज उमगेल. मागाचा वेग वाढविता येतो, नाटकाचा नाही. अडीच तासांच्या प्रयोगाला पूर्वीइतकाच वेळ आणि तितकेच नट आजही लागतात. मानधन, प्रवास आणि भाडे मात्र वाढत जाते. हा भार तिकिटावर पडला की बेताच्या मिळकतीचा प्रेक्षक प्रथम गळतो.

म्हणूनच नाटकाचे दूरचित्रवाणी रूपांतर ही चैन नव्हे. एकदा चित्रित झालेला प्रयोग शंभरांनी पाहिला काय किंवा लाखांनी पाहिला काय, निर्मितीचा खर्च तोच. मात्र त्यात तांत्रिक चमत्कारांचा भपका शिरला, तर खर्चही वाढेल आणि प्रेक्षकाच्या कल्पनेला कामही उरणार नाही.

अर्थात, पडद्याने रंगमंचाची जागा घेऊ नये. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिराचे नावच १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार सोलापूरकरांची आठवण देते. आजच्या एखाद्या विद्यार्थ्याला १९३० च्या मार्शल लॉच्या सोलापुरात नेऊन सोडणारे नाटक याच रंगमंचावर का होऊ नये? ते येथे व्हावे, साधेपणाने चित्रित व्हावे आणि दूरचित्रवाणीने ते महाराष्ट्रभर न्यावे. गतकाळ रम्य होता की त्याची किंमत कोणी चुकती केली, हे तेव्हा नव्या पिढीला समोर पाहता येईल.