कसोट्यांचे एकमत आणि पुराव्याचे वजन

एखाद्या मोठ्या औषधकंपनीचा शेअर घेण्याजोगा आहे किंवा नाही हे ठरविताना एकाच कसोटीवर विसंबून न राहता अनेक संख्यात्मक कसोट्या एकदम लावण्याची रीत अलीकडे रूढ झाली आहे. ज्या शेअरच्या बाजूने अधिकांत अधिक कसोट्या कौल देतील तो निवडावा, असा या रीतीचा आशय. हा विषय अर्थशास्त्राचा खरा. परंतु त्याच्या मुळाशी असलेला पुराव्याचा प्रश्न भाषाभ्यासकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो केवळ तात्त्विकही नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांस अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू करण्यात आली. तेव्हापासून अनेकांच्या उतारवयाची तरतूद काही अंशी बाजाराशी बांधली गेली आहे.

प्रथम कसोट्यांचे स्वरूप पाहू. बेंजामिन ग्रॅहॅम यांनी डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ मध्ये आणि पुढे १९४९ मध्ये स्वतंत्रपणे लिहिलेल्या ग्रंथांतून जी परंपरा घातली, तिचा भर स्वस्ताईवर आहे. सावध गुंतवणूकदाराने शेअरची किंमत त्याच्या प्रतिशेअर उत्पन्नाच्या सुमारे पंधरा पटींहून अधिक देऊ नये, हा तिचा प्रसिद्ध दंडक. जोसेफ पिओत्रोस्की यांनी २००० साली नऊ प्रश्नांची कसोटी मांडली. नफा आहे काय, रोख आवक नफ्याहून अधिक आहे काय, कर्जाचे प्रमाण घटले काय, अशा प्रत्येक प्रश्नाला होकार मिळाल्यास एक गुण. जोएल ग्रीनब्लॅट यांनी २००५ मध्ये स्वस्ताई आणि भांडवलावरील परतावा या दोहोंचे क्रमांक एकत्र करण्याची रीत सांगितली. जेगदीश व टिटमन यांनी १९९३ मध्ये दाखविले की, मागील काही महिन्यांत चढलेले शेअर पुढील काही महिने सरासरीने चढतेच राहतात. या शेवटच्या कसोटीला ताळेबंदाची गरजच नाही. किंमत तेवढी पुरे.

आता या साऱ्यांचे एकमत झाले तर पुरावा कितीसा बळकट झाला? सामान्य कल्पना खंडाळ्याच्या घाटातील इंजिनांसारखी असते. कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला सदतिसास एक असा चढ चढावा लागतो, म्हणून मागून जादा इंजिने जोडतात. प्रत्येक इंजिनागणिक बळ वाढते. परंतु साक्षीचे बळ असे बेरजेने वाढत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली व १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा याचा उत्तम पाठ होय. एकाच मूळ प्रतीवरून उतरविलेल्या दहा पोथ्यांत एकच पाठ आढळला, तर त्या दहा साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष. उलटपक्षी, काश्मीरची शारदा परंपरा आणि दाक्षिणात्य परंपरा या परस्परांपासून दूर राहिलेल्या शाखा जेथे जुळतात, तेथील एकमताला वि. स. सुखठणकर यांनी मोठे महत्त्व दिले. पोथ्या मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात.

हेच तत्त्व मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मास लावून पाहावे. एप्रिल २०१४ मध्ये या कंपनीने रॅनबॅक्सी विकत घेण्याचे जाहीर केले. मार्च २०१५ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. एप्रिल २०१५ मध्ये शेअरची किंमत हजार रुपयांच्या वर होती. वाढता नफा, भांडवलावरील उत्तम परतावा आणि चढती किंमत, असे तिन्ही कौल अनुकूल होते. प्रतिकूल कौल एकट्या स्वस्ताईचा, कारण किंमत उत्पन्नाच्या तीस पटींहूनही अधिक झाली होती. मोजणी केली असती तर तीन विरुद्ध एक असा निकाल लागला असता. पुढे मात्र किंमत घसरत गेली आणि मार्च २०२० मध्ये ती चारशे रुपयांच्याही खाली आली. जुनी पातळी पुन्हा गाठावयास २०२३ ची अखेर उजाडली.

त्या तीन कौलांचे मूळ तपासले म्हणजे उलगडा होतो. नफ्याचा मोठा वाटा अमेरिकेतील जेनेरिक औषधांचा, आणि त्यातही टारो या उपकंपनीचा होता. त्याच नफ्यामुळे परतावा उत्तम दिसे आणि त्याच नफ्याच्या अपेक्षेने किंमत चढे. म्हणजे या तिन्ही पोथ्या एकाच मूळ प्रतीच्या नकला होत्या. अमेरिकेत जेनेरिक औषधांचे दर उतरू लागताच मूळ प्रतच बिघडली. वास्तविक एक निराळी साक्ष उपलब्ध होती. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकी औषधनियामकाच्या निरीक्षकांनी गुजरातेतील हलोल कारखान्याची तपासणी करून दोष नोंदविले होते. डिसेंबर २०१५ मध्ये रीतसर इशारापत्र आले. ही साक्ष ताळेबंदातही नव्हती आणि किंमतीच्या आलेखातही नव्हती.

यावरून ग्रॅहॅम यांचा दंडकच तेवढा खरा, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. तो काटेकोरपणे पाळणारा मनुष्य त्यापूर्वीच्या दशकातील याच शेअरच्या कित्येक पट वाढीसही मुकला असता. शिवाय औषधकंपनीचा संशोधनखर्च बव्हंशी त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. त्यामुळे उद्याच्या औषधावर खर्च करणारी कंपनी आज महाग दिसते. पिओत्रोस्कींची कसोटीही मुळात पुस्तकी मूल्याच्या मानाने स्वस्त असलेल्या कंपन्यांसाठी बेतलेली आहे. एका बोलीच्या सामग्रीवरून बांधलेला नियम दुसऱ्या बोलीस लावताना जी सावधगिरी आपण बाळगतो, तीच येथेही हवी.

तात्पर्य, कसोट्यांची संख्या वाढविण्यापूर्वी त्यांची वंशावळ मांडावी. केवळ किंमतीवरून निघणाऱ्या, केवळ हिशेबावरून निघणाऱ्या आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून निघणाऱ्या, असे त्यांचे गट पाडावेत व प्रत्येक गटास एकच मत द्यावे. हे गटही एकाच उत्पन्नस्रोतावर तर विसंबून नाहीत ना, हे पाहावे. त्यानंतर या तिन्हींच्या बाहेरची निदान एक साक्ष शोधावी. औषधव्यवसायात ती नियामकांच्या तपासणीत सापडते. आणि एखादी कसोटी एकाकी पडली, तर तिला बहुमताने गप्प न करता तिच्या विरोधाचे कारण विचारावे. पाठचिकित्सेत कठीण पाठ सहसा टाकून देत नाहीत, तो याच कारणास्तव.