पोटरी किती ओझे उचलते?

वरच्या फळीवरचा डबा काढायला साठ किलोचा माणूस एका पायाच्या चवड्यावर उभा राहिला, तर त्याची पोटरी किती जोर लावते? साठ किलोइतका? नाही, जवळजवळ दीडशे किलोइतका!

हे गणित घरात पट्टी घेऊन पडताळता येते. घोट्यापासून चवड्यापर्यंतचे अंतर साधारण 12-13 सेंटीमीटर भरते. टाचेच्या वर चिमटीत धरता येते ती अकिलीस कंडरा. पोटरीचे स्नायू तिच्यामार्फतच टाच ओढतात, आणि ती घोट्यापासून जेमतेम 5 सेंटीमीटर मागे असते. भार लांब टोकाला, ओढणारा आखूड टोकाला. तरफेच्या नियमाने पोटरीला वजनाच्या अडीचपट जोर लावावाच लागतो. वरवर हा तोट्याचा सौदा वाटतो. पण स्नायू 2 सेंटीमीटर आखडला की सगळे शरीर 5 सेंटीमीटर वर जाते! धावताना तर या कंडरेवर वजनाच्या बारा पटींपर्यंत ताण मोजला गेला आहे.

एवढे बळ येते कुठून? पोटरीचा जो फुगवटा दिसतो तो मुख्यतः वरच्या गॅस्ट्रोक्नेमियसचा. मला मात्र खरे नवल वाटते ते त्याच्याखाली दडलेल्या सोलियसचे. त्याचे तंतू फक्त चार-पाच सेंटीमीटर लांब, पण पिसाच्या काड्यांसारखे तिरके आणि दाटीवाटीने बसवलेले. स्नायूचा जोर तंतूंच्या लांबीवर नाही, तर शेजारी शेजारी किती तंतू ओढतात यावर ठरतो. म्हणूनच हा चपटा स्नायू पायातल्या सगळ्या स्नायूंत जोरदार ठरतो. शिवाय त्यातले बहुतेक तंतू संथ जातीचे, लवकर न दमणारे.

न दमण्याची गरजही तशीच आहे. आपण स्वस्थ उभे असतो तेव्हा शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, म्हणजे आपण सतत पुढे झुकू पाहत असतो. बसच्या रांगेत तासभर उभे राहिलो तरी सोलियस मागून ओढ देत राहतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आणि चालता-हलताना हीच पोटरी रक्तही वर चढवते. पोटरी आवळली की शिरांमधले रक्त हृदयाकडे ढकलले जाते, आणि शिरांतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. संचलनात बराच वेळ निश्चल उभे राहिलेले धडधाकट जवान कधी कधी चक्कर येऊन पडतात, त्यामागे न हलल्यामुळे पोटरीचा हा पंप थांबणे हे मोठे कारण असते.

पोटरीची ताकद तपासताना एका पायावर, गुडघा ताठ ठेवून, टाच किती वेळा पूर्ण उचलता येते ते मोजतात. निरोगी प्रौढासाठी 25 हा नेहमीचा मापदंड. तोल जाऊ नये म्हणून भिंतीला बोटे टेकवा आणि दोन्ही पायांची मोजणी वेगवेगळी करून पाहा.