आकडा खरा, पण कोणाचा?

रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, असे २०११ च्या जनगणनेत आढळले. हा आकडा नवख्या अभ्यासकाच्या हाती पडला, की त्याची लेखणी धावू लागते. ‘या जिल्ह्यात मुलीच्या जन्माचे स्वागत होते,’ असे तो लिहून मोकळा होतो. आकडा खरा आहे. पण त्यातून हा निष्कर्ष निघत नाही. का निघत नाही, ते पाहता पाहता संख्याशास्त्रातल्या चार-पाच शब्दांची आज आपण ओळख करून घेऊ.

पहिला शब्द समष्टी. ज्यांच्याविषयी आपल्याला बोलायचे आहे ती सारी मंडळी, म्हणजे समष्टी. त्या ११२२ मागची समष्टी कोणती? मोजणीच्या वेळी जिल्ह्यात राहत असलेली माणसे. मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीच्या दरम्यान. शिमग्याला गावी यायचे चाकरमानी तेव्हा मुंबईतच होते, आणि त्यांची गणती तिकडे झाली. तेव्हा इथे मुली जास्त जन्मल्या असे नव्हे; मुख्यतः कर्ते पुरुष गावाबाहेर होते.

आता जनगणना तीच, जिल्हा तोच, फक्त समष्टी बदलू. सहा वर्षांपर्यंतची मुले तेवढी घेऊ. पोटासाठी मुंबई गाठण्याचे काही हे वय नव्हे! इथे हजार मुलग्यांमागे मुली भरतात ९३६. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, त्या ९५२ होत्या. निसर्गतःच मुलगे थोडे अधिक जन्मतात. हजारामागे मुली साधारण ९५० च्या आसपास असतात. साऱ्या महाराष्ट्राचा २०११ चा आकडा ८९४ होता. त्या मानाने रत्नागिरी बरी म्हणायची. पण दहा वर्षांत ती खाली आली, आणि ही गोष्ट ११२२ च्या आड दडून राहिली. मोठ्या आकड्यावर विसंबणारा अभ्यासक नेमका काळजीच्या जागी निर्धास्त होतो, तो असा.

दुसरी जोडी सरासरी आणि मध्यक यांची. समजा, एका वाडीतल्या पाच घरांना मुंबईहून महिन्याला ५, ६, ७, ८ आणि ७४ हजार रुपये येतात. बेरीज झाली एक लाख. पाचांनी भागले की सरासरी वीस हजार. पण वीस हजार येतात कोणाच्या घरी? कोणाच्याच नाही! चार घरे त्याच्या पुष्कळ खाली, एक फार वर. रकमा चढत्या क्रमाने मांडून मधली उचलली तर ती सात हजार. हा मध्यक. वाडीची खरी स्थिती इथे तोच सांगतो. म्हणून सरासरी लिहिताना आकडे किती विखुरलेले आहेत, तेही लिहावे. निदान सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा तरी द्यावा.

तिसरा शब्द नमुना. सगळी घरे पालथी घालणे कोणाला जमणार? म्हणून थोडी निवडायची. पण डांबरी रस्त्यालगतची, चहा देणारी, ओळखीची घरे निवडली, तर डोंगरावरची वाडी हिशेबातून गळते. गणपतीत गेलो तर गाव माणसांनी भरलेला दिसतो. श्रावणात तोच गाव निराळा. पूर्वी पीक किती आले हे नजरेने ठरवीत, त्याला आणेवारी म्हणत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी वेगळा मार्ग धरला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडायची, ठरावीक मापाच्या तुकड्यातले पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. चिठ्ठीला ओळखपाळख नसते, हेच तिचे बळ.

शेवटचा शब्द सहसंबंध. आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात जाऊ लागतात, तसे आपल्या विहिरींचे पाणी खाली जाते. दोन्ही गोष्टी बरोबर घडतात, हा झाला सहसंबंध. म्हणून काय आंब्याने पाणी आटवले? दोन्ही उन्हाळ्याचीच लेकरे. बरोबर घडणे वेगळे आणि एकामुळे दुसरे घडणे वेगळे, हे अभ्यासकाने पक्के ध्यानात ठेवावे.

तेव्हा वहीत आकडा उतरवण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारा: तू कोणाचा? तुला कोणी, कुठे, केव्हा मोजले? तुझ्या आड कोण लपले आहे? आणि तुझ्या जोडीला दिसते ते तुझ्यामुळेच का? उत्तरे मिळाली तर आकडा जरूर वापरा. नाही मिळाली, तर पुन्हा एकदा वाडीची चढण चढून या.