पुनरावृत्तिजन्य श्रमविकार

एकच हालचाल दीर्घकाळ पुन:पुन्हा केल्यामुळे, किंवा हात व मान एकाच स्थितीत ताणून ठेवल्यामुळे स्नायू, कंडरा व तंत्रिका यांना होणाऱ्या इजांस ही सर्वसाधारण संज्ञा आहे. तो एकच रोग नसून विकारांचा गट आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामाझ्झीनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या हातदुखीची तीन कारणे दिली : सततची बैठक, हाताची एकसारखी हालचाल व मनावरील ताण. ही कारणे संगणकावरील कामासही लागू पडतात.

स्नायूचे बल हाडापर्यंत पोहोचविणाऱ्या दोरीसारख्या कंडरा आवरणातून सरकतात. विश्रांतीवाचून घर्षण चालू राहिल्यास तेथे सूज व वेदना उद्‌भवतात. अंगठ्याच्या मुळाशी होणारा असा विकार स्विस शस्त्रक्रियातज्ञ फ्रिट्स द कर्व्हँ यांच्या नावाने ओळखला जातो (१८९५). मनगटातील अरुंद मार्गातून नऊ कंडरा व मध्य तंत्रिका जातात. तेथे दाब वाढल्यास अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. हा त्रास बहुधा रात्री वाढतो व हात झटकल्याने कमी होतो. यास कार्पल टनेल लक्षणसमूह म्हणतात. मधुमेह, अवटू ग्रंथीची मंदक्रिया व गर्भारपण यांमुळेही तो होऊ शकतो. म्हणून केवळ कामास दोष देण्यापूर्वी तपासणी आवश्यक असते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत अशा श्रमांचे विविध प्रकार आढळतात. भीमा व घोड नद्यांच्या खोऱ्यांत ऊस मोठ्या प्रमाणावर होतो. तोडणीसाठी बीड, अहिल्यानगर इ. जिल्ह्यांतून टोळ्या येतात. कमरेत वाकून कोयत्याचे घाव घालणे, वाढे छाटणे, मोळ्या बांधणे व त्या डोक्यावरून वाहनात चढविणे यांमुळे मनगट, खांदा, मान व कंबर यांवर एकाच दिवसात भार पडतो. पतिपत्नींच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल टनावारी तोडणीतून फिटत असल्याने विश्रांती म्हणजे मजुरीचे नुकसान ठरते आणि दुखणे अंगावर काढले जाते. रांजणगाव औद्योगिक क्षेत्रातील जुळणीच्या कामात भार कमी, परंतु गती यंत्राने ठरविलेली असते. कचेरीतील टंकलेखनात बल अल्प लागते, मात्र मान व खांदे तासन्‌तास स्थिर राहतात. बल, पुनरावृत्ती व अवघड अंगस्थिती एकत्र आल्यास धोका सर्वाधिक असतो.

प्रारंभी काम थांबताच वेदना शमते. पुढे ती रात्रीही राहते व पकड दुबळी होते. पहिल्या अवस्थेतच कामात बदल केल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. मनगट सरळ ठेवणारी पट्टी, व्यायाम, औषधे व गरज पडल्यास तंत्रिकेवरील दाब कमी करणारी शस्त्रक्रिया हे उपचार होत. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू झिजल्यावर मात्र शस्त्रक्रियेनेही पूर्ण बळ परत येईलच असे नाही.

प्रतिबंधासाठी कोयत्यास धार व पकडीजोगी मूठ असावी, कामे आलटूनपालटून द्यावीत व अधूनमधून थोडी विश्रांती मिळावी. संगणकापुढे कोपर काटकोनात, मनगट सरळ व पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत यांपैकी अनेक विकारांचा समावेश आहे. तथापि मजुरी केवळ वजनावर वा नगावर अवलंबून असेल, तेथे विश्रांतीचा सल्ला पुरेसा ठरत नाही. विश्रांतीची वेळ मजुरीच्या दरातच धरावी लागते.